पहिल्या पावसानंतरची विहीर: जंतू ओळखायचे कसे आणि मारायचे कशाने?

पऱ्याकाठचा

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीला सामायिक विहीर एकच. जांभ्यात खोदलेली. मे अखेरीस तळाला कळशी बुडेल एवढंच पाणी असतं आणि मिरग लागून पाऊस धरला की बघता बघता कठड्याच्या दिशेने चढायला लागतं. पाणी वाढलं म्हणून सगळे निर्धास्त होतात. मला नेमकी त्याच दिवसांची काळजी वाटते, म्हणून हा धागा.

जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्याच्या भोकाभोकांतून आणि भेगांतून पळतं, मातीतून मुरताना गाळलं जातं तसं इथे गाळलं जात नाही. गेल्या काही वर्षांत घरोघरी संडास झाले, ते व्हायलाच हवे होते. पण त्यांचे शोषखड्डे याच जांभ्यात आहेत. पावसाळ्यात भूजल वर चढून खड्ड्यांच्या तळाला टेकतं आणि उतार विहिरीकडे असेल तर पुढचं सांगायला नको.

यंदा पहिल्या मोठ्या पावसानंतर आम्ही एच-टू-एस बाटलीची चाचणी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: छोट्या निर्जंतुक बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि ठेवून द्यायचं. पाण्यात विष्ठेबरोबर येणारे काही जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो पट्टीतल्या लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळं पडतं. ही युक्ती आपल्याच देशातली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ती प्रसिद्ध केली. इन्क्युबेटर नको, वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. आपल्याकडच्या उकाड्यात बाटली फडताळात ठेवली तरी काम होतं.

आमची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी झालेली होती.

त्यावर वाडीत ज्यांना परवडतं त्यांनी स्वयंपाकघरात यंत्र बसवायचं ठरवलं. माझं म्हणणं वेगळं आहे. यंत्र त्या घरापुरतं. आगरात काम करणारा गडी, पंपाच्या नळीला तोंड लावणारी पोरं, गणपतीला आलेले पाहुणे, हे सगळे विहिरीचंच पाणी पिणार. आधी विहीर तपासायची आणि विहीर सुधारायची, घरातलं साधन त्यानंतरची दुसरी भिंत. तुमच्या गावात काय करता, कुठलं साधन पावसाळ्यात टिकतं, सविस्तर लिहा.

अणुजीव

उत्तम विषय. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्या बाजूने लिहिते.

कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू प्रत्येक नमुन्यात एकेक करून शोधत बसणं शक्य नसतं. म्हणून आम्ही खूण शोधतो. ई. कोलाय हा जिवाणू माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला म्हणजे विष्ठा तिथवर पोचली आणि तिच्याबरोबर रोगाचे जंतूही पोचू शकतात. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली तो शोधला, त्यांचंच नाव त्याला आहे. आपल्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये.

पूर्वी नळ्यांची रांग लावून, वायूचे बुडबुडे बघत दोन-चार दिवस काढावे लागत. मग ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळून त्या पडद्यावर वसाहती वाढवायची पद्धत आली. मला सगळ्यात सुंदर वाटतो तो येल विद्यापीठातल्या स्टीफन एडबर्ग यांचा शोध. त्यांनी जंतूंना असं खाद्य दिलं की ते खाल्लं की रंग सुटतो. कोलिफॉर्म गटातल्या जंतूंनी एक घटक फोडला की पाणी पिवळं होतं आणि ई. कोलायने दुसरा फोडला की अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. २४ तासांत दोन्ही उत्तरं एकाच बाटलीत मिळतात.

तुमच्या काळ्या बाटलीबद्दल एक सावधगिरी. विहीर खाडीच्या चिखलाजवळ असेल आणि पाण्याला मुळातच कुजक्या अंड्यासारखा वास असेल, तर विष्ठा नसतानाही ही चाचणी काळी येऊ शकते, कारण सल्फेटवर जगणारे निराळे जिवाणू तिथे असतात. अशा ठिकाणी प्रयोगशाळेत ई. कोलायची खात्री करून घ्यावी. उलट बाजूही लक्षात ठेवा. बाटली स्वच्छ राहिली म्हणजे विषाणू नाहीतच, असं नाही.

आणि काळी झालेली बाटली तशीच उकिरड्यावर फेकू नका. तिच्यात जंतू लाखोंनी वाढलेले असतात. ब्लीचिंगचं दाट पाणी ओतून, अर्धा तास ठेवून मग टाका.

देवगडचो झील

आमच्याकडे बावडेक पाणी बारमास आसता. मिरगाचो पाऊस पडलो की मात्र पाणी गढूळ जाता. आजी निवळीची बी सहाणेर उगाळून कळशेत घाली. सकाळपर्यंत पाणी आरशासारख्या. तांब्याचो हंडो तर अजून आसा. ह्या सगळ्याचो उपयोग खराच होता काय, की नुसती समजूत? जाणकारांनी सांगावा.

अणुजीव

@देवगडचो झील, उपयोग होतो, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. निवळी, शेवग्याच्या बिया आणि तुरटी हे तिन्ही पाण्यातले बारीक कण एकत्र आणून खाली बसवतात. कणांना चिकटलेले बरेचसे जंतूही खाली जातात. राहिलेले मात्र जिवंत असतात. आजींची निवळी ही पहिली पायरी आणि फार मोलाची, कारण गढूळ पाण्यात पुढचे बरेचसे उपाय नीट चालत नाहीत. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि अतिनील किरणांना आडोसा होतो.

तांब्याचं म्हणाल तर बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात मुद्दाम सोडलेले कॉलऱ्याचे, विषमज्वराचे आणि हगवणीचे जिवाणू नंतर वाढवता आले नाहीत. म्हणजे रात्री भरलेला हंडा सकाळी उठल्या उठल्या नव्हे, दुपारी वापरायचा. हंडा आतून घासलेला हवा आणि पाणी निवळलेलं हवं.

आणखी एक. कॉलऱ्याचा जंतू खाडीच्या मचूळ पाण्यात बारीक प्राणी-प्लवकांना चिकटून राहतो. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशात बायकांना जुन्या सुती साडीच्या चार-आठ घड्या घालून पाणी गाळायला सांगितलं. त्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन सुताचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात.

परळचा चाकरमानी

आईवडील राजापूरजवळ गावी असतात. त्यांना अतिनील दिव्याचं यंत्र घेऊन देणार होतो. पण पावसात वारा सुटला की लाईट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. आरओ घ्या असं दुकानदार म्हणतो. काय करावं?

जांभाखडक

आरओ नको. जांभ्यातलं पाणी मुळातच हलकं असतं, विरघळलेले क्षार फार कमी. आरओ हे खारं पाणी गोडं करण्याचं साधन आहे. किनाऱ्यालगत विहिरीत खार शिरला असेल तर त्याला पर्याय नाही, मान्य. पण गोड्या पाण्याला आरओ लावून एप्रिल-मेमध्ये निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं हे आपल्या टंचाईच्या मुलखात मला पटत नाही.

अतिनील दिव्याचं तत्त्व पक्कं आहे. २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जंतूंच्या डीएनएवर घाव घालतो आणि त्यांची वाढ थांबते. १९९२-९३ मध्ये भारतात आणि बांगलादेशात कॉलऱ्याची नवी जात पसरली, तेव्हा मूळचे मुंबईचे शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी गावासाठी यंत्र बनवलं. त्यात दिवा पाण्यात बुडवलेला नाही, वाहत्या पाण्याच्या वर टांगलेला आहे, त्यामुळे त्यावर शेवाळं किंवा क्षार चढत नाहीत. ६० वॅटच्या आसपास विजेवर मिनिटाला १५ लिटर पाणी. एका घराचं नाही, वाडीचं यंत्र. धागाकर्त्यांचा जो मुद्दा आहे त्याच्याशी हे जुळतं.

वीज नसेल तर पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन संस्थेने भाताच्या तुसाच्या राखेवर केलेलं काम बघा. आपल्याकडे तूस म्हणजे भात गिरणीमागचा ढीग. त्याच्या राखेत सिलिका आणि कार्बन असतो, कणांची जाळी फार बारीक. आधी 'सुजल' नावाचा साधा फिल्टर झाला, मग त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' बाजारात आला, तेव्हा किंमत ७४९ आणि ९९९ रुपये होती. त्यातल्या गाळणीच्या कांडीला 'बल्ब' म्हणतात, तिचं आयुष्य सुमारे ३००० लिटर, पुढे ती आपोआप पाणी सोडणं बंद करते. संपलेलं साधन आपण होऊन थांबतं, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटलं.

अणुजीव

एक पुरवणी, कारण आपल्या भागात पावसाळ्यात काविळीची भीती असते. साधा कँडल फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू नाही. पाश्चरांच्या प्रयोगशाळेत शार्ल शांबरलां यांनी १८८४ साली बिनझिलईच्या चिनी मातीची गाळणी बनवली. पुढे १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूचा रस तिच्यातून गाळला, तरी गाळलेला रस रोग पसरवतच राहिला. विषाणूंचा शोध असा या गाळणीतून निसटलेल्या गोष्टीमुळे लागला. ए आणि ई काविळीचे विषाणू तसेच निसटतात. कँडलनंतर उकळणं किंवा क्लोरीन हवंच.

टीसीएलवाला

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक म्हणून काम केलंय, म्हणून विहिरीच्या शुद्धीकरणाबद्दल जरा लांब लिहितो. इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या पावडरीत ३० टक्क्यांच्या वर क्लोरीन असतो. पण पिशवी उघडी राहिली की कोकणातल्या दमट हवेत तो उडून जातो, राहतो नुसता चुना. वास येतो म्हणून पावडर चांगली, असं समजू नका. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, अंधारात ठेवा आणि शक्यतो हंगामापुरतीच आणा.

आता माप. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने गुणा. आले ते घनमीटर, एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर. २८ हजार लिटर झाले. पाणी स्वच्छ असेल तर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. पाऊस पडून पाणी ६ मीटर झालं की तेच ४२ हजार लिटर होतात, पावडर १०५ ग्रॅम लागते. वर पाणी गढूळ, म्हणजे मागणी आणखी वाढते. आणि आपण काय करतो? मे महिन्यात ठरवलेलं चमच्याचं माप ऑगस्टपर्यंत चालवतो. पाणी वाढतं, घाण वाढते, औषध तेवढंच राहतं.

गढूळ पाण्याला नेमकं किती लागेल हे काढायला हॉरॉक्स पेटी असते. ब्रिटिश लष्करातल्या विल्यम हॉरॉक्स यांनी केलेली, अजून तिला तोड नाही. एका काळ्या पेल्यात पावडरीचं द्रावण करायचं, सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी घ्यायचं, प्रत्येकात एकेक थेंब वाढवत द्रावण टाकायचं. अर्ध्या तासाने स्टार्चचं सूचक घातलं की ज्या पेल्यापासून निळा रंग दिसतो, तेवढं प्रमाण विहिरीला लागतं.

पावडर कोरडी कधीच फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, मग बादली भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती रहाटाने विहिरीत सोडा आणि वर-खाली, इकडे-तिकडे हलवा. चुना विहिरीत नको, पाणी जड होतं. नंतर एक तास कुणी पाणी काढायचं नाही. रात्री उशिरा घातलं तर सकाळी भांडण नाही.

मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले आणि पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. आता डीपीडीची गुलाबी रंगाची चाचणी मिळते, ती अधिक खात्रीची आणि हाताळायला सुरक्षित. शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, काविळीची साथ असेल तर ०.५. तपासलेलं पाणी प्यायचं नाही.

एच-टू-एसची बाटली काल काय घडलं ते सांगते, क्लोरीनची चाचणी आत्ता काय आहे ते सांगते. दोन्ही लागतात.

हर्णैकर

आम्ही होडीवाले. पाण्याची पिंपं भरून चार-सहा दिवस समुद्रात. यंत्रातून गाळून आणलेलं पाणी पिंपात ओतलं की त्याचं संरक्षण संपलं, हे आम्हाला अनुभवाने कळलंय. खलाशांचे हात, मग, दोरी, सगळं त्यात बुडतं. आता पिंपाला खाली तोटी बसवली, मग आत घालायचाच नाही असा नियम केला आणि क्लोरीनच्या गोळ्या पिंपाच्या लिटरच्या हिशोबाने टाकतो. पहिल्या दिवशी वास येतो, सवय होते. पोटं बिघडून होडी मधूनच माघारी आणायची वेळ त्यानंतर आली नाही.

अणुजीव

@हर्णैकर, अगदी हाच फरक आहे. अतिनील दिवा किंवा उकळणं त्या क्षणापुरतं काम करतं, क्लोरीन पाण्यात मागे राहून पहारा देतो. फक्त क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या कवचवाल्या जंतूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक आजारी पडले ते त्यानेच. त्याला गाळणं, उकळणं किंवा अतिनील दिवा हाच उपाय.

शाळामास्तर

मुलांना उन्हाने पाणी शुद्ध करायचा प्रयोग शिकवतो. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक बाटली, गढूळ नसलेलं पाणी, सहा तास कडक ऊन. बैरूतमधल्या आफ्तिम आक्रा यांनी १९८० च्या सुमारास याची पद्धतशीर मांडणी केली. ढगाळ असेल तर लागोपाठ दोन दिवस ठेवावी लागते आणि सलग पावसात उपयोग नाही. आपल्याकडे पाणी बिघडतं तेव्हाच ऊन नसतं, त्यामुळे ही पद्धत होळी ते मिरग एवढीच.

त्याऐवजी पावसाळ्यात चुलीवर. पाणी खळखळा उकळायलाच हवं असं नाही, ६५ अंशांवर सहा मिनिटं राहिलं तरी रोगजंतू मरतात. पण अंश कळणार कसे? त्यासाठी काचेची किंवा प्लास्टिकची बंद नळी मिळते, तिच्यात साधारण ७० अंशांवर वितळणारं मेण असतं. नळी पाण्यात सोडायची, मेण वितळून खाली घसरलं की झालं. लाकूडफाटा वाचतो. नळी नसेल तर मात्र उकळीच येऊ द्यावी, अंदाजावर जाऊ नये.

वाशिष्ठीकाठ

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात आमची विहीर वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली होती. वर डिझेलचा तवंग, आत चिखल. पूर ओसरल्यावर शेजाऱ्यांनी मिळून पंप लावून उपसली, तळाचा गाळ काढला, कडे घासले, मग नेहमीच्या कितीतरी पट टीसीएल घालून रात्रभर ठेवली आणि पुन्हा उपसली. त्यानंतरही एच-टू-एस बाटली स्वच्छ येईपर्यंत प्यायला घेतली नाही. पूर आलेल्या विहिरीला एकदा पावडर मारून मोकळं होऊ नका, एवढंच कळकळीने सांगते.

पऱ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. वाडीच्या बैठकीत हा धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं: मोजपट्टी विहिरीच्या कठड्याला कायमची रंगवायची, पाण्याच्या उंचीप्रमाणे पावडरीचा तक्ता शेजारी लिहायचा, डीपीडीची चाचणी दोन मुलींकडे. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना चाचणी संचाचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, त्यातल्या आमच्या ताई बाटल्यांची नोंद ठेवणार. ई. कोलायसाठी नमुना प्रयोगशाळेत गेला आहे.

एक प्रश्न राहिला. विहिरीच्या वरच्या अंगाला सहा घरांचे शोषखड्डे आहेत. १५ मीटर अंतर सगळ्यांनीच सोडलंय. नेमका कुठला खड्डा विहिरीला पोचतोय हे कसं ओळखायचं?

जांभाखडक

जांभ्यात १५ मीटरचा भरवसा नाही, भेग मिळाली तर पाणी त्याहून लांब पळतं. शोधायला मिठाची युक्ती आहे. तुमची विहीर खाडीपासून वर आहे आणि पाणी हलकं आहे, हे इथे फायद्याचं. आधी आठवडाभर रोज एकाच वेळी टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) विहिरीचं पाणी मोजून लिहा. मग एका शोषखड्ड्यात पाच किलो मीठ पाण्यात विरघळवून सोडा. शोषखड्ड्यात, सेप्टिक टाकीत नव्हे, तिथले उपयोगी जंतू मरतील. ४० हजार लिटरच्या विहिरीत ते सगळं उतरलं तर लिटरला १२५ मिलिग्रॅमने आकडा वाढेल. सगळं उतरणार नाही, पण निम्मं आलं तरी मीटरवर दिसतं. पाऊस चालू असतानाच करा, तेव्हाच पाणी धावतं. मात्र मोठ्या सरीने विहीर एकदम भरली तर आकडा पातळ होतो, म्हणून पाण्याची उंचीही सोबत लिहा.

आकडा पूर्ववत झाल्याशिवाय दुसऱ्या खड्ड्याला हात लावू नका. आकडा हलला नाही म्हणून त्या खड्ड्याला निर्दोष ठरवू नका, पुढच्या जोराच्या पावसात पुन्हा करा. आणि सहाही घरांना आधी सांगून, सहाही खड्ड्यांवर करा. एकाच्याच दारात मीठ घेऊन गेलात तर वाडीत तंटा होईल. ज्याचा खड्डा निघेल त्याचं काम सगळ्यांनी मिळून वर्गणीतून करायचं, हे मीठ घालायच्या आधीच बैठकीत लिहून घ्या.